बाण डावीकडे का जातात?

जाम म्हटले की बाहेरच्या माणसाला चौरस्ता आठवतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथून जातो, चंद्रपूरचा रस्ता येथेच फुटतो. रात्रंदिवस ट्रक, एसटी, चहाच्या टपऱ्या, टायरची दुकाने. पण चौरस्ता मागे टाकून दहा मिनिटे पायी चालले की काळी जमीन सुरू होते. कापूस निघाला, पऱ्हाटी उपटली, की एका शेजाऱ्याचे वावर तीन-चार महिने मोकळे असते. त्याच्या टोकाला पुरुषभर उंचीचा मातीचा बांध आहे आणि बांधापलीकडे वाट नाही. आमची तेरा वर्षांची मुलगी तेथे बाण मारते.

आमच्यापैकी एकाचे चौरस्त्यावर दुचाकीचे गॅरेज आहे आणि दुसरीची घरी शिलाई मशीन. धनुर्विद्येशी आमचा काही संबंध नव्हता. मुलगी शाळेत बांबूच्या धनुष्यावर शिकली, तालुक्याच्या स्पर्धेत नंबर आला, आणि सरांनी सांगितले की आता हिला रिकर्व्ह द्या. ऑलिंपिकमध्ये जे धनुष्य दिसते, ज्याच्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूला बाक असतो, ते रिकर्व्ह. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातील सरडे गावचे प्रवीण जाधव हेच धनुष्य घेऊन टोकियो ऑलिंपिकला गेले. मजूर आई-वडिलांचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघाला, आमच्या विदर्भातच अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत भारताला सांघिक रौप्यपदक मिळवून देणाऱ्या तिघांमध्ये होता. हे वाचल्यावर आम्हीही हिशेब मांडला आणि नागपूरच्या एका मोठ्या मुलीने वापरून झालेले धनुष्य घेतले.

नातेवाइकांपैकी काहींनी विचारले, मुलीच्या हातात तीरकमान कशाला? आम्ही वाद घातला नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी तिरंदाजी शिकून ती सोडून देणाऱ्यांबद्दल नाराजी दाखवली, हे हजरत उक्बा बिन आमिर (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आले आहे. अस्लम कबिल्याची माणसे तिरंदाजीची शर्यत लावत असताना प्रेषित (सल्ल.) तेथून जात होते. त्यांनी एका बाजूची साथ जाहीर केली तर दुसऱ्या बाजूने बाण थांबवले. मग त्यांनी सांगितले की मी तुम्हा सर्वांबरोबर आहे, चालू द्या. ही हकीकत सहीह बुखारीत आहे. आणि उहुदच्या मैदानात धनुष्य हाती घेतलेल्या हजरत उम्मे अम्मारा (रजि.) यांचे नाव आमच्या दादीलाही माहीत होते. दादीने एवढेच सांगितले, ओढणीचे टोक दोरीत अडकू देऊ नका. ते खरेच महत्त्वाचे निघाले. स्कार्फचे टोक मागे पिनेने बसवणे, ढगळ बाही आर्मगार्डखाली बांधणे आणि छातीवर चेस्टगार्ड घालणे हे रोज पाहावे लागते, कारण दोरी कपड्याला घासली तरी बाण भरकटतो.

भरकटण्याचाच हा लेख आहे.

धनुष्याबरोबर बाण आले नव्हते. आम्ही फोनवरून एका दुकानात मागवले. दुकानदाराने विचारले, धनुष्य किती पाउंडांचे? आम्ही पातीवरचा आकडा वाचून दाखवला, 24. (धनुष्याच्या वरच्या-खालच्या दोन पट्ट्यांना इंग्रजीत लिंब म्हणतात. आमच्या घरी त्यावर इतका हशा झाला की आम्ही त्यांना पातीच म्हणतो.) त्याने एक डझन ॲल्युमिनियमचे बाण पाठवले, नंबर 1716. दीड महिन्याच्या शिलाईचे पैसे त्यात गेले. बाण सुरेख होते. आणि एकूण एक बाण डावीकडे जात होता.

आधी वाटले, मुलगी चुकते आहे. मग वाटले, निशाण्याची दुर्बीणवजा साइट सरकवून टाकू. साइट सरकवल्यावर बाण मध्यावर आले, पण वाकडे घुसत होते, शेपूट एका बाजूला करून. सर आले तेव्हा त्यांनी तीन पिसांचे बाण मारायला लावले आणि दोन बाणांची पिसे सोलून काढून तेही मारायला लावले. अंतर 18 मीटर. पिसांचे तीन एका जागी बसले. बिनपिसांचे दोन त्यांच्या डावीकडे दीड वीत दूर. सरांनी हे तीन-चारदा करून पाहिले. नवशिक्याच्या एका फेरीवर विश्वास ठेवू नये, हात हलला की बाण कुठेही जातो. पण दर वेळी तसेच होत असेल तर दोष साहित्यात आहे. प्लंजर, म्हणजे बाणाला बाजूने टेकू देणारी स्प्रिंगची छोटी कळ, ती जागेवर आहे का हेही त्यांनी पाहिले. मग म्हणाले, "ताई, बाण कडक आहेत. हिच्या धनुष्याला ते वाकवता येत नाहीत."

बाण वाकतो हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळले. आमची समजूत अशी की बाण सरळ असतो आणि सरळ जातो. प्रत्यक्षात बोटांवरून दोरी सुटताना ती किंचित बाजूला घसरते, मागून जोराचा धक्का बसतो, पुढे टोकाचे वजन असते, आणि मधली काठी धनुष्यातून निघताना माशासारखी वळवळते. हळू गतीच्या व्हिडिओत हे स्पष्ट दिसते. ती योग्य तेवढीच वळवळली तर धनुष्याला न घासता बाहेर पडते आणि पुढे सरळ होते. काठी जास्त कडक असेल तर ती कमी वाकते आणि उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण डावीकडे जातो. काठी फार लवचीक असेल तर उजवीकडे. डावखुऱ्याचे उलट. पिसे लावलेल्या बाणात हा दोष झाकला जातो, कारण पिसे त्याला हवेत सावरतात. म्हणून पिसे काढून पाहायचे. बिनपिसांचा बाण वर किंवा खाली गेला तर तो वेगळा आजार, दोरीवर बाण बसवण्याची जागा खाली-वर झालेली असते. तो आधी दुरुस्त करायचा, नाहीतर डाव्या-उजव्याचे निदान चुकते.

काठीच्या या कडकपणाला स्पाइन म्हणतात. तो मोजण्याची रीत साधी आहे. 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काठी आडवी ठेवायची, मधोमध 880 ग्रॅमचे वजन टांगायचे आणि ती किती खाली झुकते ते पाहायचे. ॲल्युमिनियमच्या बाणावर जो चार आकडी नंबर असतो त्यातले पहिले दोन आकडे जाडी सांगतात, एक इंचाचे 64 भाग केले तर त्यातले किती. शेवटचे दोन आकडे नळीच्या पत्र्याची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे 1716 ही 17 भाग जाडीची नळी आणि 1516 ही 15 भागांची, पत्रा दोन्हीचा सारखाच. हाताला फरक कळतही नाही. पण टांगलेल्या वजनाखाली पहिली सुमारे 0.88 इंच झुकते आणि दुसरी सुमारे 1.4 इंच. दुकानदाराने 24 पाउंड ऐकून बाण दिले. आमच्या मुलीच्या बोटांवर 24 पाउंड येतच नव्हते.

हे कसे, ते नीट सांगतो, कारण पहिले धनुष्य घेणारे बहुतेक आई-वडील आमच्यासारखेच येथे फसत असतील. पातीवर छापलेला आकडा 28 इंच ओढीचा असतो. मोठ्या माणसाचा हात तेवढा जातो. मुलीची ओढ शिलाईच्या टेपने मोजली तर साडेपंचवीस इंच. ओढ एक इंच कमी झाली की वजन साधारण दोन पाउंड कमी होते, हलक्या पातीला थोडे कमी. शिवाय आधीच्या मालकिणीने धनुष्याचे बोल्ट ढिले करून ठेवले होते. आम्ही कांदे-बटाट्याची गाडी लावणाऱ्या चाचांचा हुकाचा डिजिटल काटा मागून आणला. एकाने धनुष्य धरले, दुसरीने दोरीत हुक अडकवून खुणेच्या बाणापर्यंत ओढले. काटा 8.5 किलो दाखवू लागला. एक पाउंड म्हणजे सुमारे 454 ग्रॅम, त्यावरून पावणेएकोणीस पाउंड. चोवीस नव्हेच.

आता चूक आमची.

रिकर्व्हच्या मधल्या भागाला, रायझरला, वर एक आणि खाली एक असे दोन बोल्ट असतात. पाती त्यांच्या खाली बसतात. बोल्ट आवळला की पातीचा कोन बदलतो, ताण वाढतो आणि धनुष्य जड होते. ढिला केला की हलके. बाण कडक असेल तर त्याला वाकवायला धनुष्य जड करा, हे पुस्तकी उत्तर आहे आणि चुकीचे नाही. ज्याच्या हातात दिवसभर पाना असतो त्याला बोल्ट दिसला की हात शिवशिवतात. सर चार दिवस बाहेरगावी होते. आम्ही एलन की काढली आणि दोन्ही बोल्ट दोन-दोन फेरे आवळले. काटा 9.3 किलोवर गेला, म्हणजे साडेवीस पाउंड. बिनपिसांचे बाण दीड वितीवरून एका वितीवर आले. घरात आनंद. नवे बाण घ्यायला नकोत. मुलगी आणखी थोडी जोरदार झाली की उरलेली वीतही जाईल, असे आम्ही एकमेकांना सांगितले.

बोल्ट फिरवून साधारण दहा टक्के फरक पडतो, त्यापलीकडे नाही. वीस पाउंडांच्या धनुष्यात दोन पाउंड. आमच्या बाणांना जे धनुष्य हवे होते ते कितीतरी जड होते. आम्ही बाणाला धनुष्य जुळवायला निघालो होतो आणि मधे कोण उभे आहे ते पाहिले नव्हते.

800 ग्रॅम वाढले, त्यात काय? गॅरेजमध्ये 800 ग्रॅम कोणी मोजत नाही. पण मुलगी तेव्हा रोज 120 बाण मारत होती. 800 ग्रॅम गुणिले 120 म्हणजे 96 किलो. दररोज जवळपास एक क्विंटल जादा ओझे, तेही एका हाताच्या तीन बोटांवर आणि एका खांद्यावर. क्विंटल काय असतो हे आमच्या भागात कोणाला सांगायला नको. आम्ही हा गुणाकार तेव्हा केला नाही, नंतर केला.

आठ-नऊ दिवसांनी शेवटच्या फेऱ्यांचे बाण खाली पडू लागले. क्लिकर नावाची एक पातळ पट्टी असते, बाण पूर्ण ओढला की ती टक् करून सुटते आणि मग सोडायचे. मुलीची टक् होईना. उजवा खांदा कानाकडे चढू लागला. आम्ही म्हटले, लक्ष नाही. ती काही बोलली नाही. तिला बाणांची किंमत माहीत होती. कापडाचे गठ्ठे तिनेच मोजून दिले होते.

मगरिबच्या वेळी ती वजू करत होती. डोक्यावर मसह करताना तिने दोन्ही हात वर नेले नाहीत. डाव्याच हाताने केले, उजवा कोपरातून खाली लटकत राहिला. शिलाई करणारीच्या नजरेतून बाही उचलली न गेलेली सुटत नाही. विचारले तेव्हा म्हणाली, "अम्मी, थोडंसंच दुखतं. बाण तर आता बरोबर येतात ना?"

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

हिंगणघाटच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासले. फाटले-तुटले काही नव्हते, अल्लाहची कृपा. स्नायूंवर ताण आला होता. त्यांनी समजावले की या वयात हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते, ती हाडापेक्षा मऊ असते, आणि एकच हालचाल दिवसाला शंभर वेळा जास्त भाराने केली तर इजा तेथे होऊ शकते. दोन आठवडे धनुष्य बंद. सर आले, त्यांनी बोल्टावरचे ताजे चरे पाहिले आणि रागावले नाहीत. फक्त म्हणाले, आधी अंग, मग धनुष्य, मग बाण. तुम्ही उलटीकडून आलात.

ही गोष्ट जुन्या उस्तादांना आमच्यापेक्षा चांगली माहीत होती. तुर्कस्तानात नवशिक्याच्या हातात आधी बाण देतच नसत. केपाझे नावाचे एक मऊ धनुष्य असे, ते नुसते ओढायचे आणि हळूच परत आणायचे, असे किती तरी दिवस. इराणच्या आखाड्यांत आजही कब्बादे नावाचे लोखंडी धनुष्य असते, दोरीच्या जागी साखळी, ते डोक्यावर धरून व्यायाम करतात. आणि आपल्या महाराष्ट्रात? आपली लेझीम! 26 जानेवारीला शाळेच्या मैदानात आपण सगळ्यांनी जी खुळखुळवली ती. हा शब्द फारसीतून आला आणि मूळ अर्थ सराव करण्याचे मऊ किंवा साखळीचे धनुष्य. मोल्सवर्थने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेल्या मराठी कोशातही लेझीम म्हणजे व्यायामासाठीचे साखळी लावलेले धनुष्य अशाच अर्थाने आहे. आमच्या शाळेत लेझीम पथकात दोन वर्षे घालवूनही आम्हाला हे ठाऊक नव्हते. आकार आठवून पाहा, धनुष्यच ते. दंड तयार होईपर्यंत बाण नको म्हणून केलेले साधन, बाण विसरून गेला आणि ताल राहिला.

तुर्कांनी मात्र बाणही सोडला नाही. इस्तंबूलमध्ये ओकमेयदानी नावाचे तिरंदाजीचे मैदान पंधराव्या शतकापासून होते, आणि 2019 मध्ये युनेस्कोने तेथल्या पारंपरिक तिरंदाजीची वारसा म्हणून नोंद केली. टोकियोत पुरुषांचे वैयक्तिक सुवर्ण मेते गाझोझ या तुर्की तरुणाने जिंकले, 2023 मध्ये बर्लिनला तो जगज्जेताही झाला. त्याच बर्लिनमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. कंपाउंड हे चाके बसवलेले वेगळे धनुष्य, त्याची जुळवणी वेगळी. पण नागपूर आमच्यापासून तासाभरावर आहे, त्यामुळे त्या दिवशी जामच्या चौरस्त्यावरही पेढे वाटले गेले असते तर आम्हाला नवल वाटले नसते.

मुलीच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत आम्ही बोल्ट मागे घेतले आणि बाणांचा विचार केला. कडक बाणाला धनुष्य न वाढवता लवचीक करण्याचे दोन उपाय आहेत. टोकाला जड पॉइंट बसवणे आणि काठी लांब ठेवणे. काठी लांब असली की जास्त झुकते. म्हणून बाण घेतल्याबरोबर कापू नयेत. वाढत्या वयाच्या मुलाचे तर नकोच, कापलेला बाण पुन्हा लांब होत नाही. आमचे बाण सुदैवाने कापलेले नव्हते. मात्र 1716 ला कितीही जड टोक लावले तरी आमच्या मुलीच्या धनुष्याला ते वाकले नसते. अंतर फार होते.

शेवटी तोडगा देवाणघेवाणीचा निघाला. सरांकडे वर्ध्याहून येणारा एक मोठा मुलगा होता, त्याने नुकत्याच जड पाती घेतल्या होत्या आणि त्याचे जुने 1516 बाण पडून होते. त्याला आमचे नवे 1716 हवेच होते. त्याच्या वडिलांनी वरचे पैसे देऊ केले, आम्ही निम्मे घेतले. जुने बाण एकेक करून तळहातावर फिरवून पाहिले. ॲल्युमिनियमचा बाण वाकला की फिरवताना थरथरतो. चेपलेला, चीर गेलेला बाण पुन्हा धनुष्यावर चढवायचा नाही, तो सुटताना तुटला तर हातात घुसतो. बारापैकी नऊ ठीक निघाले. नऊ पुरतात.

सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात दिवसाला फक्त तीस बाण. मग पन्नास. हात बसल्यावर बिनपिसांची परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी ते पिसांच्या बाणांच्या उजवीकडे गेले, चार बोटे. म्हणजे बाण आता किंचित लवचीक आणि धनुष्य किंचित जड. बोल्ट ज्यासाठी असतो ते काम हेच, शेवटची चार बोटे. विती त्याने मिटवायच्या नसतात.

आम्ही जसे केले तसे सांगतो. आधी दोन्ही बोल्टांच्या डोक्यावर आणि रायझरवर नेलपॉलिशने एकेक रेघ ओढली, म्हणजे किती फिरवले ते दिसते आणि परतीची वाट राहते. धनुष्याची दोरी उतरवली. पहिल्या वेळी आम्ही ताणलेल्या धनुष्यावरच एलन की चालवली होती, तसे करू नये, आट्यांवर जोर येतो. बोल्टाला आतून अडकवणारा छोटा स्क्रू आधी सैल केला. मग वरचा अर्धा फेरा ढिला, खालचाही मोजून अर्धाच. एकच फिरवला तर दोन पातींचा समतोल बिघडतो. बोल्ट किती बाहेर येऊ द्यायचा याची मर्यादा बनवणाऱ्याने पुस्तिकेत दिलेली असते, ती ओलांडली तर पात निसटू शकते आणि ती तोंडासमोर असते. स्क्रू आवळला, दोरी चढवली, चढवण्याच्या पट्ट्यानेच. दोरीपासून रायझरच्या मुठीपर्यंतचे अंतर पुन्हा टेपने मोजले, ते बदललेले असते; दोरीला पीळ देऊन किंवा काढून पूर्वीसारखे केले. दोरीपासून वरच्या आणि खालच्या पातीच्या बुडापर्यंतची अंतरेही मोजली. वरचे खालच्यापेक्षा थोडे जास्त होते, तसेच राहू दिले. काटा पुन्हा चाचांकडून आणला. 8.5 वरून 8.3 किलो.

धनुष्य हलके झाल्यावर बाण थोडे खाली पडतात, म्हणून साइटही खाली घ्यावी लागते. खाली गेलेल्या बाणाच्या मागे साइट खाली, हे पहिल्यांदा उलटे वाटते, पण साइट खाली घेतली की हात वर जातो. एका दिवसात आणखी काही बदलले नाही. प्लंजरला हात लावला नाही, टोक बदलले नाही. तीन दिवस तिने त्याच धनुष्यावर मारले आणि मग बिनपिसांची परीक्षा. चार बोटांची दोन झाली. सर म्हणाले, तेरा वर्षांच्या मुलीला दोन बोटे पुष्कळ आहेत, तिचा हातच रोज तेवढा बदलतो. आता तुमचा पाना आठ महिने बंद.

बोल्ट आवळताना मुलीचे ओझे वाढले होते, आता ढिला करताना 200 ग्रॅम कमी झाले आणि बाणही जवळ आले. नशीब म्हणा. बाण उलट बाजूने चुकीचे निघाले असते तर पुन्हा पाना घेऊन बसलो असतो की काय, याची खात्री आम्हाला आजही देता येत नाही.

सरावाला येणाऱ्या मुलांमध्ये पाउंडांची चढाओढ असते, हे आता आम्हाला दिसते. तुझे किती, माझे अठ्ठावीस. ऑलिंपिकचे 70 मीटर अंतर, 122 सेंटिमीटरचे लक्ष्य आणि त्यात 12.2 सेंटिमीटरचे दहा गुणांचे वर्तुळ. तेथे बाण पोचवायला मोठे खेळाडू चाळीस-पन्नास पाउंड ओढतात, हे खरे. मुले ते व्हिडिओत पाहतात. त्यांचे वडील बोल्ट आवळून देतात. आम्ही आता एकाला थांबवले. त्याला काटा आणि गुणाकार दाखवला; तो म्हणाला, आमच्या पोराला काही होत नाही. आम्ही म्हटले, मग रात्री त्याला डोक्यावर दोन्ही हात न्यायला सांगून पाहा. दुसऱ्या दिवशी तो काही न बोलता एलन की मागायला आला.

मुलीची आता एक वही आहे. तारीख, ओढ किती इंच, काटा किती किलो, बोल्ट रेघेपासून किती, किती बाण मारले, खांदा दुखला का. शेवटचा रकाना तिनेच आखला. रमजानात असरनंतर फक्त तीस बाण, तेही दहा मीटरवरून, असे त्यात लिहिले आहे, आणि दोन दिवसांपुढे नुसती रेघ आहे. गेल्या महिन्यात ओढ पावणेसव्वीस इंच भरली. म्हणजे बोल्ट न फिरवताच वजन थोडे वाढले असणार. काटा आणायला गेलो तर चाचांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग गाडीवरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "दोन मिनिटं थांबा बाई, पोरीचं धनुष्य मोजून येऊ द्या," आणि हुक पुसून आमच्या हातात दिला.